आधी बूट उलटा करा

(जुन्या लष्करी बुटांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे लेखक पलटणीच्या मोची-शॉपमधून निवृत्त झालेले कारागीर आहेत.)

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एका ट्रंकेत काळे, घोट्यापर्यंतचे बूट सापडले. तळाला खिळे आहेत. पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) होते, कूतच्या वेढ्यात सापडले होते, त्यांचेच हे बूट असं घरात सगळे सांगतात. फोटो पाठवत आहे. पॉलिश करून काचेच्या कपाटात ठेवावेत असं वाटतं. हे खरोखर १९१६ चे असतील का?
– एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : ताई, पॉलिशची डबी आधी बाजूला ठेवा. चेरी ब्लॉसमचा एक जाड हात पुसट शिक्का कायमचा बुजवू शकतो, आणि तुमच्या बुटाचा सगळा कागदोपत्री पुरावा त्या शिक्क्यातच आहे.

फोटो तुम्ही छान काढलेत, पण सहापैकी पाच फोटो वरून घेतलेले. बाजारात सगळे असंच बघतात. मी बूट हातात आला की पहिल्यांदा उलटा करतो. वरचं कातडं कुणीही रंगवतो. तळ रंगवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

तुमच्या बुटाला पुढे टोकॅप आहे, म्हणजे बोटांवर आडवी शिवण घालून कातड्याचा वेगळा तुकडा बसवलाय. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेला सरसकट मिळालेले बूट पुढून साधे, टोकॅप नसलेले. त्यांचं कातडं बहुधा खरखरीत बाजू बाहेर ठेवून शिवलेलं असे आणि बाजूच्या जोडावर तांब्याचा रिव्हेट असे. दुसऱ्या महायुद्धातल्या ॲम्युनिशन बुटाला, म्हणजे फौजेच्या नेहमीच्या खिळेवाल्या बुटाला, टोकॅप आहे, दाणेदार काळं कातडं आहे, टाचेला लोखंडी नाल आहे. एकट्या टोकॅपवरून मी पैज लावली नसती. पण तुमच्या सहाव्या फोटोत, टाचेच्या पुढे जिथे पाय जमिनीला टेकत नाही तिथे, बाण दिसतो, त्याच्या खाली इंग्रजी आय, शेजारी ४३ आणि त्याखाली ७ एम. बाण म्हणजे सरकारी माल, आय म्हणजे हिंदुस्थान, ४३ हे साल, सात हे माप आणि एम म्हणजे मध्यम रुंदी. बाण इंग्रजी सी अक्षराच्या आत असता तर बूट कॅनडाचे ठरले असते, यू अक्षराच्या आत असता तर दक्षिण आफ्रिकेचे.

तेव्हा हे १९४३ चे बूट. कूत पडलं २९ एप्रिल १९१६ ला. सहाव्या पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणींचे जवान तिथे कैद झाले आणि त्यांना वाळवंटातून पायी चालवत नेलं. त्या चालीनंतर कुणाच्या पायात धड जोडी उरली असेल आणि ती कोरेगावच्या माळ्यावर पोचली असेल, हे मला मोची म्हणूनही पटत नाही.

पणजोबांची गोष्ट खोटी असं मी म्हणत नाही. बूट दुसऱ्या कुणाचे आहेत, एवढंच. १९४३ च्या सुमारास घरातलं कोण फौजेत होतं? आजोबा, त्यांचे भाऊ, एखादे मामा? मराठा पलटणी तेव्हा इटलीत लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथेच पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण लगेच 'इटलीचे बूट' अशी चिठ्ठी लावू नका. ४३ हे बूट बनल्याचं साल आहे. तो जवान सगळी लढाई देवळालीत राहिलेला असू शकतो. फौजेतून सुटताना मिळणारं जुनं डिस्चार्ज बुक सापडलं तर त्यावरचा नंबर घेऊन बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा.

एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असेल. डाव्या बुटाचा पुढचा अर्धा सोल नंतर बदललेला आहे. कारखान्यातले खिळे एका ओळीत असतात, डाव्याचे वाकडेतिकडे आहेत आणि एक तर दुसऱ्याला खेटून बसलाय. हे पलटणीच्या मोच्याने केलंय, घाईत, बहुतेक कमी उजेडात. परेडच्या बुटांना असे खिळे मी हयातभर ठोकले, त्यामुळे तो हात मला ओळखीचा वाटला. ते खिळे सरळ करून घेऊ नका. एखादा संग्राहक त्याला खोट म्हणेल. त्याला म्हणू द्या.

प्रश्न : मी लंडनला असतो. इथे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश बूट म्हणून एक जोडी घेतली. अवस्था अप्रतिम आहे. अस्सल कसे ओळखावेत?

उत्तर : 'अप्रतिम' वाचलं आणि शंका आली. आतला आकडा बघा. ब्रिटिश फौजेच्या बुटाचं माप ७, ८ असं ब्रिटिश पद्धतीचं असे. मापाच्या जागी ४२ किंवा ४३ असं युरोपीय माप असेल तर जोडी नकली, पुढचं वाचायचीही गरज नाही. मग सुटलेल्या दोऱ्याचं टोक कापून बुटापासून लांब जाळून बघा. लिननचा किंवा सुती दोरा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. पॉलिएस्टरचा शोधच १९४१ चा, तो दोरा बाजारात आला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. अर्थात दुरुस्तीचा दोरा नवा असू शकतो, म्हणून दोन-तीन ठिकाणचा तपासा.

जुन्या लढायांचे प्रसंग गणवेश घालून उभे करणाऱ्या परदेशी हौशी मंडळींसाठी असे नकली बूट आजही कानपुरात बनतात. ब्रिटिश अमदानीत कूपर ॲलन कंपनी फौजेसाठी बूट बनवायची तीही कानपुरातच. तुमची जोडी नकली निघाली तरी काम त्याच गावचं असेल, त्यामुळे पायात घालायला हरकत नाही. फक्त अस्सल म्हणून पुढे विकू नका.

प्रश्न : काका, मी रशियात मेडिकलला आहे. इथल्या जुन्या बाजारात सोव्हिएत सैनिकाचे उंच बूट घेतले. विकणारा म्हणाला, पूर्ण लेदर. मित्र म्हणतो, प्लॅस्टिक.

उत्तर : दोघंही चुकले, पोरा. पोटरीवरचा भाग किर्झा असणार, म्हणजे सुती कापडाचे थर आणि त्यावर रबराचा लेप, वर डुकराच्या कातड्यासारखा ठसा. वरच्या कडेला घासलेल्या जागी भिंगातून बघ, धागे दिसतील. खालचा पावलाचा भाग मात्र खरं कातडं. युद्धात कातडं पुरेना म्हणून हे काढलं, आणि ते सुधारणाऱ्या इवान प्लॉटनिकोव्हना १९४२ साली स्टालिन पारितोषिक मिळालं. आत मोजे नसायचे, पायाला चौकोनी फडकं गुंडाळायचे. रशियन फौजेने ते फडकं २०१३ मध्ये बंद केलं. हेच बूट कधी 'जर्मन' म्हणून दुप्पट भावाने विकायला येतात. तू रशियन म्हणूनच घेतलेस, शहाणपणा केलास.

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात व्हिएतनाममधले अमेरिकन जंगल बूट मिळाले. काय बघू?

उत्तर : आतल्या शिक्क्यात डीएसए १०० ने सुरू होणारा करार क्रमांक शोधा. डीएसए म्हणजे अमेरिकन फौजेला माल पुरवणारी सरकारी संस्था, तिचंच पुढचं नाव डीएलए. त्यापुढचे दोन आकडे कराराचं आर्थिक वर्ष सांगतात. डीएलए असेल तर बूट १९७७ नंतरचे, युद्ध त्याआधीच संपलं होतं. काहीच छापलेलं नसेल तर ट्रेकला वापरा.

प्रश्न : पावसाळ्यात संग्रहातल्या बुटांना बुरशी येते. लेस ओवायच्या पितळी छिद्रांभोवती हिरवा मेणासारखा थर पण जमतो.
– रत्नागिरी

उत्तर : कोकणात बूट जपणं म्हणजे शिक्षाच. बुरशी घराबाहेर नेऊन कोरड्या मऊ ब्रशने झटका, नाकाला फडकं बांधा. उन्हात अजिबात ठेवू नका, पंख्याखाली सावलीत चालेल. हिरवा थर पितळ आणि कातड्यातली चरबी मिळून होतो. तो लाकडी काडीने खरवडा आणि पुढे तेल चोळणं बंद करा, कारण तेल जितकं जास्त तितका तो पुन्हा येतो. आत वर्तमानपत्राचे बोळे नकोत, धुतलेलं जुनं मलमल भरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेत तर बुरशी पुन्हा धरेल.