वाचकांचे प्रश्न : जिवाणूंना बाधणारे विषाणू

प्रश्न : गंगेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे विषाणू असतात, असे वाचनात आले. जिवाणूंनाही विषाणूंची बाधा होते का? होत असल्यास हे विषाणू माणसाच्या हिताचेच समजायचे का? (एक वाचिका, मिरज)

उत्तर : जिवाणूंना विषाणूंची बाधा निश्चितच होते. अशा विषाणूंना जीवाणूभक्षक किंवा थोडक्यात फाज म्हणतात. फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये आणि फेलिक्स द'एरेल यांनी १९१७ मध्ये ते स्वतंत्रपणे शोधले. आपण वाचलेल्या गोष्टीचे मूळ त्याहून जुने आहे. आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये असे नोंदवले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, मात्र पाणी उकळले की हा गुण नाहीसा होतो. तो गुण फाजांचा असावा, हा तर्क पुढच्या काळातला आहे. हँकिन यांच्यासमोर विषाणू नव्हता. नदीचे पाणी न उकळता पिण्यास या नोंदीचा आधार घेणे मात्र धोक्याचे आहे.

फाजांचे काम साध्या डोळ्यांनाही दिसते. पेट्री बशीतल्या अगारवर जिवाणूंचा दुधी थर वाढू दिला आणि त्यात मोजके फाज मिसळलेले असले, तर दुसऱ्या दिवशी त्या थरात जागोजागी स्वच्छ, पारदर्शक ठिपके आढळतात. सुरुवातीला एका फाजाने एका जिवाणूला गाठले आणि त्याच्या संततीने आसपासचे जिवाणू फोडत नेले, याची ती खूण असते. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूवर वाढणारा टी४ हा फाज शेपटीच्या तंतूंनी त्याला पकडतो, आपला डीएनए आत सोडतो आणि साधारण अर्ध्या तासात शंभराहून अधिक नवे फाज जिवाणूची भित्तिका फोडून बाहेर पडतात.

सगळेच फाज असे वागत नाहीत, आणि आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग इथेच महत्त्वाचा ठरतो. काही फाज आपली जनुके जिवाणूच्या गुणसूत्रात गुंफून पिढ्यानपिढ्या तिथेच राहतात. मॅथ्यू वाल्डॉर आणि जॉन मेकालानोस यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की ज्या विषामुळे पटकीच्या रोग्याच्या शरीरातले पाणी जुलाबावाटे निघून जाते, त्या विषाची जनुके मुळात एका तंतुरूप फाजाची आहेत. आतड्यात ठाण मांडण्यासाठी जिवाणू जे बारीक तंतू बाहेर काढतो, त्यांनाच धरून हा फाज आत शिरतो आणि जिवाणूला न मारता त्याला विष बनवण्याची क्षमता देतो. घटसर्पाचे विषही असेच फाजाकडून आलेले आहे. याच पटकीवर द'एरेल यांनी १९२७ मध्ये भारतात येऊन फाजांचे उपचार करून पाहिले होते, हे लक्षात घेतले म्हणजे फाजांना सरसकट उपकारक ठरवणे किती घाईचे आहे, ते कळते. जॉर्जियातील तिबिलिसी येथे १९२३ पासून फाजांवर काम करणारी संस्था आहे, आणि प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे आज इतरत्रही या उपचारांकडे पुन्हा लक्ष वळले आहे. परंतु अशा उपचारांसाठी जिवाणू फोडणारेच फाज निवडावेत आणि त्यांच्यात विषाची जनुके नाहीत याची आधी खात्री करावी, हा आग्रह मला अत्यावश्यक वाटतो.

प्रश्न : उकळत्या झऱ्यांतील आर्कियांनाही विषाणू असतात का? (एक विद्यार्थी, पणजी)

उत्तर : असतात. आर्किया म्हणजे जिवाणूंसारखेच दिसणारे, पण त्यांच्याहून वेगळ्या गटातले एकपेशीय सूक्ष्मजीव. त्यांच्या विषाणूंचे आकार थक्क करणारे आहेत. मिठागरांसारख्या खारट पाण्यातील आर्कियांचे कित्येक विषाणू फाजांप्रमाणेच डोके-शेपटीचे असतात. उष्ण, आम्लयुक्त झऱ्यांत मात्र लिंबासारखे, बाटलीसारखे, काडीसारखे विषाणू सापडतात. आइसलँडमधील एक काडीसारखा विषाणू सल्फोलोबस या आर्कियात शिरला, की त्या पेशीच्या पृष्ठभागावर सात बाजूंचे छोटे पिरॅमिड उभे राहतात; विषाणू तयार झाले, की हे पिरॅमिड कमळाच्या पाकळ्यांसारखे उलगडतात आणि त्या भोकांतून विषाणू बाहेर येतात. इटलीतील पोझ्झुओली येथील उष्ण झऱ्यातला एक विषाणू तर पेशीतून लिंबाच्या आकारात बाहेर पडतो आणि बाहेर आल्यावर, आश्रयदात्या पेशीची काहीही मदत नसताना, त्याला दोन्ही टोकांना शेपट्या फुटतात. पेशीबाहेर विषाणू निष्क्रिय असतो, असे आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाने त्या विधानाला अपवाद दाखवून दिला. या शेपट्या वाढायला एकच अट असते, ती म्हणजे सभोवतालचे तापमान त्या झऱ्याइतके, म्हणजे ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास, हवे.