भांडणात समोरचा दर वेळी विषयाला बगल देतो, काय करावं?

काही विचारलं की नवरा तुमचीच जुनी चूक उकरून काढतो आणि मूळ गोष्ट राहूनच जाते, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे हे काम दादा करतो.

आईला दर शनिवारी फिजिओथेरपीला न्यायचं त्याने कबूल केलं होतं. लागोपाठ दोन शनिवार बुडाले. फोनवर विचारलं, तर म्हणाला, "तू नको शिकवूस. बाबांच्या वर्षश्राद्धाला तरी आला होतास का?" नव्हतो आलो. झालं! पुढचा पाऊण तास मी रजा का मिळाली नाही ते सांगत बसलो. मग वहिनी तेव्हा काय बोलली, मी काय बोललो... शनिवार राहिला बाजूला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

ही खोड फार जुनी आहे. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादावरच्या प्राचीन ग्रंथात, वादात हरल्याच्या २२ जागा सांगितल्यात, त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. विषय सोडून भलतंच बोललं की 'अर्थांतर'. 'मला काम आहे' म्हणत उठून गेलं की 'विक्षेप'. आणि स्वतःवरचा दोष खोडून न काढता 'तो तुझ्यातही आहे' म्हटलं की 'मतानुज्ञा', म्हणजे समोरच्याचं म्हणणं मान्य केल्यातच जमा. हे वाचलं आणि माझा निम्मा राग उतरला. दादा "तू तरी" म्हणाला, म्हणजे शनिवार बुडाले हे त्याला मान्यच होतं की! (नवऱ्याला मात्र हे ऐकवू नका. मी दादाला ऐकवलं, महिनाभर अबोला होता.)

आता मी त्याचा मुद्दा खोडायला जातच नाही. "श्राद्धाला आलो नाही, चुकलंच. त्यावर रविवारी बोलू. या शनिवारी आईला कोण नेणार?" तो आणखी एक फाटा फोडतो, मी तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा म्हणतो. तीन-चारदा म्हणावं लागतं.

पण मग रविवारी खरंच फोन करायचा. नाहीतर बगल देणारे आपणच ठरतो. पहिल्या रविवारी दादा श्राद्धावर वीस मिनिटं बोलला. मी एकदाही 'पण' म्हटलं नाही, फार जड गेलं. बोलून झाल्यावर तोच म्हणाला, "शनिवारी दुकान सोडून निघणं मला जमत नाही रे."

आता ओळखीचा रिक्षावाला आईला नेतो-आणतो. पैसे निम्मे-निम्मे.