जुन्या लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टीम सोर्समधून (मूळ कोडमधून) बांधून बूट करायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की बेळगावात इंजिनिअरिंगला आहात, शाळा मराठी माध्यमाची, लॅपटॉप ४ जीबी रॅमचा. सेरेनिटीओएस ही ऑपरेटिंग सिस्टीम बांधायला घेतली आणि बांधणी तीनदा मध्येच बंद पडली. मी खानापूरचा, दिवसा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनवर असतो आणि रात्री हाच नाद. तुम्ही जिथे अडकलात तिथे मीही अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

शेवटच्या ओळीत ‘किल्ड... सीसी१प्लस’ असं दिसत असेल तर तुमची काही चूक नाही. रॅम संपली आणि लिनक्सने कंपायलरचा (कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामचा) बळी दिला, एवढंच. आंद्रेआस क्लिंग यांनी २०१८ मध्ये सुरू केलेली ही सिस्टीम कर्नलपासून (सिस्टीमच्या गाभ्यापासून) खिडक्या-बटणांपर्यंत सगळं स्वतःचं लिहिते आणि त्याआधी स्वतःचा क्रॉस कंपायलरही (एका सिस्टीमवर बसून दुसरीसाठी कोड बनवणारा) बांधून घेते. तुमच्या लॅपटॉपला ते जड जाणारच. एका वेळी दोनच कामं चालू द्या, डिस्कवर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) वाढवा आणि रात्रभर सोडून द्या.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट छळते. माझ्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, आणि आमच्याकडे जून-जुलैत वीज कधी जाईल सांगता येत नाही. वीज आल्यावर मेक (बांधणी चालवणारा प्रोग्राम) पुन्हा चालवलं की ते फाइलची फक्त वेळ बघतं. अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइलही (कंपाइल झालेला तुकडा) त्याला ताजी वाटते. मग तासाभराने हे तुकडे जोडणारा लिंकर ओरडतो, ‘फाइल ट्रंकेटेड’. अशा वेळी सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करू नका. शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाइल शोधून तेवढ्याच काढा.

पण माझं खरं मत विचाराल तर सेरेनिटी सध्या बाजूला ठेवा. आधी एक्सव्ही६ घ्या. जुन्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर एमआयटीने ही सिस्टीम शिकवण्यासाठी लिहिली. आता ती रिस्क-व्ही प्रोसेसरसाठी आहे आणि दहा हजार ओळींच्या आत बसते. रिस्क-व्हीचा क्रॉस कंपायलर आणि क्यूएमू (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) हे दोन्ही उबुंटूत तयार मिळतात. ‘मेक क्यूएमू’ म्हटलं की चहा ओतून होईपर्यंत डॉलरचं चिन्ह समोर येतं, म्हणजे सिस्टीम उठली. बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स, हे लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी टर्मिनलच (कमांड टाइप करायची खिडकी) बंद करावं लागतं.

आता कर्नलच्या मेन डॉट सी मध्ये ‘एक्सव्ही६ कर्नल इज बूटिंग’ छापणारी ओळ आहे. तिथे मराठी लिहा. मी लिहिलं होतं ‘उठलो रे बाबा’. ते जसंच्या तसं उमटतं, कारण कर्नल नुसते बाइट पुढे ढकलतो, अक्षर काढायचं काम तुमचं टर्मिनल करतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुस्तकातलं प्रकरण वेगळं वाटायला लागतं.

मग डॉलरपुढे ‘क’ टाइप करा आणि बॅकस्पेस दाबा. ‘क’ नीट जात नाही. युटीएफ-८ या अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीत तो तीन बाइटचा आहे आणि एक्सव्ही६ एका दाबाला एकच बाइट काढतो. तीनदा दाबाल तेव्हा बफर (टाइप केलेलं साठवायची जागा) रिकामा होतो, पण तोवर कर्सर तीन घरं मागे जाऊन डॉलरही खाऊन टाकतो. हा दोष तुम्हीच दुरुस्त करा. कन्सोल डॉट सी उघडा, बॅकस्पेसचा भाग चार-पाच ओळींचा आहे. काढलेला बाइट १२८ ते १९१ मधला असेल तर तो अक्षराचा मधला तुकडा, म्हणून आणखी मागे जा, आणि पडद्यावर मात्र एकदाच पुसा. माझा एक मित्र गोकाकचा. त्याने तिथेच कन्नड अक्षर टाइप करून पाहिलं. तेही तीन बाइटचं, तेही नीट पुसलं गेलं. जोडाक्षरांचं काम याहून अवघड आहे: ‘स्का’ म्हणजे चार चिन्हं, बारा बाइट, आणि टर्मिनल त्यांना किती घरं देतं हे कर्नलला कळत नाही. तिथे मी अजून झगडतोय.

खऱ्या मशीनचं म्हणाल तर रिस्क-व्हीचा एक्सव्ही६ तुमच्या इंटेलवर उठणार नाही. त्यासाठी ५१२ बाइटचा बूट सेक्टर (डिस्कचा पहिला तुकडा) स्वतः लिहा. शेवटचे दोन बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) ५५ आणि एए हवेत, तरच बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) त्याला बूट होण्याजोगा मानतो. लॅपटॉप जुना आहे हे इथे कामी येतं, सेटिंगमध्ये लेगसी बूट (जुन्या बायोस पद्धतीने उठणं) बहुतेक असेलच. पेनड्राइव्हवर डीडी या कमांडने लिहिताना डिस्कचं नाव दोनदा वाचा. एक अक्षर चुकलं तर तुमचा सगळा अभ्यास जातो.

इथे टर्मिनल नसतं, त्यामुळे ‘क’ च्या जागी तीन भलतीच चिन्हं दिसतात. पण बायोसला स्वतःचा फॉन्ट देता येतो: इंटरप्ट (बायोसला मारायची हाक) १०, एएक्स या रजिस्टरमध्ये ११००, दोन्ही हेक्स. एका अक्षराला आठ ठिपके रुंद, सोळा उंच, म्हणजे सोळा बाइट. मी चौकटीच्या वहीत पेन्सिलीने ‘नमन’ची अक्षरं काढली, बाइट मांडले आणि जुन्या डेस्कटॉपवर चालवलं. अक्षरं आली, पण शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटलेली. व्हीजीए या जुन्या डिस्प्ले पद्धतीच्या टेक्स्ट मोडमध्ये घर नऊ ठिपक्यांचं असतं आणि नववा ठिपका रिकामा सोडतात. फक्त १९२ ते २२३ या क्रमांकांच्या चिन्हांना तो आठव्यावरून भरून मिळतो, कारण चौकटी आखायच्या रेषा तिथे असतात. माझी अक्षरं मी त्या बत्तीस क्रमांकांवर हलवली. शिरोरेषा सलग झाली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि आतून आईचा आवाज आला, “अजून काय करालास रे?” मी तिला उठवून पडदा दाखवला.