तापवून मिश्रणातल्या खाण्याच्या सोड्याचं प्रमाण काढताना
सोलापुरात कापड रंगवायला लागणारा सोडा अ‍ॅश (सोडियम कार्बोनेट) घे, आधी वेगळा तापवून कोरडा कर, मग त्यात खाण्याचा सोडा मिसळ. मिश्रण मात्र ओव्हनमध्ये वाळवू नकोस. खाण्याचा सोडा तिथेच विघटित व्हायला लागतो.

रिकामी मूस (तापवण्याचं छोटं भांडं) तापवून, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, थंड करून तोल. त्यात 2.000 ग्रॅम मिश्रण 300 अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेव. वजन स्थिर होईपर्यंत तापवणं, थंड करणं, तोलणं चालू ठेव. गरम मूस तोललीस तर वर चढणाऱ्या हवेमुळे वजन कमी भरतं आणि टक्केवारी फुगते. बहुतेकांचं इथेच चुकतं.

वजनातली घट फक्त खाण्याच्या सोड्याची: त्याच्या 168 ग्रॅममागे 62 ग्रॅम पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातं. घट 0.465 ग्रॅम आली तर गुणिले 2.71 (168 भागिले 62), म्हणजे 1.26 ग्रॅम खाण्याचा सोडा, मिश्रणाच्या 63 टक्के.