तार कुठून येते?

(रानावनांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे लेखक मूळचे सांगलीचे. कॅमेरूनच्या आग्नेय भागात एका लाकूडतोड कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी 11 वर्षं नोकरी केली.)

प्रश्न : मी आठवीला भूगोल शिकवते. काँगो खोऱ्याबद्दल बोलताना मुलांना सांगितलं, की तिथे रानातल्या जनावरांच्या मांसाचा मोठा व्यापार चालतो आणि तो थांबवायचे प्रयत्न सुरू आहेत. एका मुलाने लगेच विचारलं, "बाई, त्यांच्याकडे खायला दुसरं काही नसेल तर थांबवायचं कसं?" मला उत्तर देता आलं नाही.
– एक शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. मोठमोठ्या बैठकांतही हा प्रश्न बऱ्याचदा राहून जातो.

त्याला आधी एवढं सांगा, की स्वतःच्या चुलीसाठी केलेली शिकार आणि शहरात विकायला केलेली शिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी होतो त्या भागातले बाका, म्हणजे तिथले रानात राहणारे आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या साळिंदर, छोटी हरणं खात आलेत. त्यांच्या खाण्याने जंगल संपलं नाही. रस्ता, फासाची तार आणि ट्रक ही तीन एकत्र आली, तेव्हा ते संपू लागलं.

यातली तार आमच्या वर्कशॉपमधून जायची. हे मला फार उशिरा कळलं.

आमच्याकडे सापेली नावाच्या झाडाचे ओंडके ओढायला स्किडर, म्हणजे मोठे ट्रॅक्टर होते. त्यांच्या विंचचा, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या रहाटाचा, पोलादी दोर झिजला की आम्ही नवा चढवायचो आणि जुना शेडमागे टाकून द्यायचो. तो ढीग काही वाढायचा नाही. कुणी घराच्या छपराला बांधायला नेत असेल, असं मी धरून चाललो होतो. एके दिवशी झाडांच्या मोजणीसाठी आमच्याबरोबर फिरणारा एक बाका म्हातारा वर्कशॉपच्या दारात आला आणि काही न बोलता त्याने एक फास माझ्या हातात ठेवला. तुमच्याकडे फासकी म्हणतात, तीच. मी ती बोटांनी सरळ करायला गेलो, तर तार पुन्हा पुन्हा पीळ घ्यायची. मधल्या खाचांत काळं ग्रीस होतं. आमच्याच डब्यातलं. दोराचे सहा पेड, एकेका पेडात वीस-पंचवीस तारा. दहा मीटरचा एक तुकडा उलगडला तर शंभराच्या वर फास होतात.

फासाच्या एका टोकाला ब्लू डायकरचा पाय होता, खुरासकट. हे चार-पाच किलोचं हरीण, तिकडे त्याला लिएव्र म्हणतात, म्हणजे ससा. पाय माझ्या करंगळीएवढा. तार कातडीतून हाडापर्यंत गेली होती. बाकीचं जनावर तिथेच कुजलं होतं, कारण फास लावणाऱ्याला चार-पाच दिवस फेरी मारायला जमलं नव्हतं. डायकरला एका वेळी एकच पिल्लू होतं. आणि फासाला काही कळत नाही. डायकरसाठी लावलेल्यात चिंपांझीचा हात अडकतो, गोरिलाचं मनगट अडकतं. जोर लावून सुटले तरी कित्येकदा पंजा गमावून जातात.

आता ट्रक. ओंडके भरून आमचे ट्रक दुआला बंदराकडे निघायचे. धुरावर वाळवलेलं मांस केबिनमागे, ओंडक्यांच्या फटीत लपवून जायचं. वाटेत बायम-सेलम, म्हणजे खरेदी-विक्री करणाऱ्या बाजारातल्या बायका, ते उतरवून घ्यायच्या. याउंदे, दुआला या मोठ्या शहरांत हे मांस अनेकदा गोमांसापेक्षा महाग विकलं जातं. गावाकडची चव म्हणून लोक आवडीने घेतात. ते घेणारा उपाशी नसतो.

पण तुमच्या विद्यार्थ्याचं म्हणणं आमच्या कॅम्पला तंतोतंत लागू होतं. भर जंगलात आम्ही शेकडो पगारदार माणसं नेऊन बसवली आणि त्यांच्यासाठी खाटकाचं साधं एक दुकान काढलं नाही. महिन्याच्या पगाराला सगळ्यांत स्वस्त काय मिळायचं, तर रानमांस. मेसमध्ये मीही ते खाल्लं आहे. दोष फास लावणाऱ्याचा होता तितकाच कॅम्प आखणाऱ्यांचा, आणि मी त्या आखणाऱ्यांबरोबर जेवत होतो.

म्हणून मला सीमेपलीकडच्या काँगो-ब्राझाव्हिलमधला प्रयोग मोलाचा वाटतो. तिथलं नुआबाले-न्दोकी राष्ट्रीय उद्यान 1993 चं. शेजारी सीआयबी या लाकूड कंपनीचे झाडतोडीचे पट्टे. सरकार, ही कंपनी आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी यांनी 1999 मध्ये एकत्र काम सुरू केलं. कंपनीच्या गाडीतून शिकारी किंवा मांस नेलं तर शिक्षा, असा नियम झाला. रस्त्यांवर तपासणी नाके बसले. स्थानिकांच्या शिकारीसाठी वेगळे भाग ठरले. आणि पोकोला या कंपनीच्या गावात बाहेरून मांस आणून विकायची सोय झाली. ही शेवटची गोष्ट फळ्यावर लिहा, कारण तुमच्या विद्यार्थ्याचं उत्तर तिथे आहे. बंदी घालायची तर ताटात दुसरं काहीतरी आधी पडलं पाहिजे.

नुसत्या कायद्याने काय होतं तेही पाहिलंय. कॅमेरूनमध्ये 1994 पासून गोरिला, चिंपांझी यांना पूर्ण संरक्षण आहे. पण मोठ्या व्यापाऱ्यांवर खटले उभे राहू लागले ते 2003 नंतर, 'लागा' नावाच्या छोट्या संस्थेने गुप्त तपास करून पोलिसांना सोबत घेतलं तेव्हा. उलट बाजूही आहे. वनरक्षकांनी बाका लोकांना मारहाण केल्याचे आरोप 2019 मध्ये जगभर गाजले. व्यापारी सुटतो आणि चुलीसाठी साळिंदर मारणारा मार खातो, हे पाहून माझा जीव तुटतो. असं झालं की पुढचा फास कुणीही म्हातारा तुमच्या हातात आणून देत नाही.

संपूर्ण मध्य आफ्रिकेत वर्षाला किती मांस निघतं याचे अंदाज 10 लाख टनांपासून 45 लाख टनांपर्यंत आहेत. केंट रेडफर्ड या अभ्यासकाने 1992 मध्ये 'रिकामं जंगल' हा शब्द दिला : झाडं उभी, पण आत जनावर नाही. मी अशा जंगलातून चाललोय. हॉर्नबिलच्या पंखांचा आवाजसुद्धा येत नाही.

प्रश्न : एड्सचा विषाणू अशाच मांसातून आला, हे खरं का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : खाण्यातून नव्हे, बहुधा कापण्यातून. माणसातल्या मुख्य एचआयव्हीचा सगळ्यांत जवळचा नातेवाईक आग्नेय कॅमेरूनच्या चिंपांझींमध्ये सापडला; 2006 मध्ये त्यांच्या विष्ठेच्या नमुन्यांवरून ते सिद्ध झालं. शिकार सोलताना हातावरच्या जखमेत रक्त गेलं असावं, असं मानलं जातं. मांस नीट शिजलं की विषाणू मरतो. धोका सुरी धरणाऱ्याला असतो, आणि ती बरेचदा घरातल्या बाईच्या हातात असते. पण नुसतं घाबरवून काम होत नाही. 2014 च्या इबोला साथीत पश्चिम आफ्रिकेत हे मांस विकायला बंदी आली, तेव्हा बाजार बंद झाले आणि व्यापार आडून चालू राहिला.

प्रश्न : माझं दुचाकीचं गॅरेज आहे. आफ्रिकेतल्या प्राण्यांसाठी इथून काही करता येतं का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आफ्रिकेत कुणी नातलग कामाला असेल तर त्याला एवढंच विचारा, की तुमच्या कॅम्पवर माणसं काय खातात आणि गाड्या कोण तपासतं. मला हा प्रश्न नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणी विचारला असता तर फार बरं झालं असतं.

दुसरं तुमच्या गॅरेजमधलं. म्हाताऱ्याने फास दिल्यावर आम्ही जुना दोर कुलपात ठेवू लागलो. तरी तो जायचाच. मग गॅस कटरने वीत-वीत लांबीचे तुकडे करायचं ठरवलं, कारण फासाला निदान हातभर तार लागते. दुसऱ्या महिन्यापासून तो ढीग कुणी हलवला नाही. कोकणात डुकरांसाठी लावलेल्या फासकीत बिबटे अडकून मरतात, आणि ती तार बहुतेक वेळा क्लचची असते. तुम्ही बदललेल्या जुन्या केबल भंगारात देण्याआधी कटरने चार ठिकाणी तोडा. एका केबलला अर्धं मिनिट लागतं.