ओल दोइन्यो लेंगाईला पहिल्यांदा जाताना

टांझानियातला हा सुमारे 2,960 मीटरचा जागृत ज्वालामुखी तिथल्या मसाई जमातीच्या लेखी एंगाई या देवाचं घर आहे. एंगाई एकच. काळं रूप दयाळू, पाऊस देणारं. लाल रूप कोपलेलं. नवखे हमखास दोन देव समजून बसतात. पाऊस लांबला किंवा मूल होत नसलं की लोक इथे प्रार्थनेला येतात. बोलावल्याशिवाय त्यांच्या जवळ जाऊ नका, फोटो तर विचारूनच. ओरेतेती हे उंबराच्या जातीचं झाड पवित्र, त्याची फांदी मोडू नका.

चढाई मध्यरात्री सुरू करा, तीही मसाई वाटाड्यासोबतच. दिवसा उघड्या उतारावर ऊन भाजून काढतं, सावली कुठेच नाही. माणशी 3-4 लिटर पाणी हवंच. विवराच्या अगदी काठावर उभं राहू नका, कडा ठिसूळ असते.