सोलापूर-बार्शी रस्त्यावर रात्री बॅटरी मारून ससे टिपतात. हे चालतं का, आणि दिसलं तर काय करायचं?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरूनच रानात बॅटरी फिरवतात आणि मागचा बंदूक चालवतो, हे गुन्ह्यात मोडतं का? "सशाला कुठला कायदा, आणि ही जागा तर अभयारण्याच्या बाहेर आहे," असं लोक म्हणतात त्यात किती तथ्य आहे? आणि तुमच्यासारख्या रस्त्याने जाणाऱ्याने काय करावं?

आधी कायद्याचं सांगतो, कारण गैरसमज तिथेच सगळ्यात जास्त आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मधल्या कलम 9 नुसार शिकारीला बंदी आहे, आणि ही बंदी अभयारण्यापुरती नाही. माळ, गायरान, स्वतःचं शेत, रस्त्याची कड, सगळीकडे ती लागू आहे. शिकार कशाला म्हणायचं हेही त्या कायद्यात फार व्यापकपणे सांगितलंय. मारणं, पकडणं, विष घालणं, फास लावणं, हाका घालून हुसकावणं, आमिष ठेवणं, आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच आहे. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी उचलणं, विस्कटणंसुद्धा त्यातच येतं. त्यामुळे "नेम चुकला, काही मेलं नाही" हा बचाव टिकत नाही.

2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. आता प्राण्यांच्या संरक्षणाच्या मुख्य अनुसूची (याद्या) दोन आहेत. काळवीट, चिंकारा, लांडगा, मोर, माळढोक, घोरपड हे पहिल्या अनुसूचीत येतात. त्यांच्या शिकारीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान 25,000 रुपये दंड आहे. ससा आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. तिथे तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अभयारण्याच्या हद्दीत मात्र ससा मारला तरी पहिल्या अनुसूचीएवढीच शिक्षा होते. हा मुद्दा तुमच्या रस्त्याला नेमका लागू पडतो. याच रस्त्यावरच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली जाहीर झालं तेव्हा सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं होतं. नंतर ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, आणि जे राहिलंय ते तुकड्यातुकड्यांत, शेतांना लागून पसरलेलं आहे. रस्त्यावरून जाताना कुठला माळ आत आणि कुठला बाहेर हे रात्री कुणालाच सांगता येत नाही. बंदूकवाल्यालाही नाही.

"डुकराचा परवाना मिळतो की," असंही ऐकायला मिळतं. मिळतो, पण तो पिकाच्या किंवा माणसाच्या रक्षणासाठी, कलम 11 खाली, वनखात्याच्या अधिकाऱ्याने लेखी दिलेला असतो. तो ज्या जागेसाठी आणि ज्या प्राण्यासाठी दिला त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. मेलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता ठरतं. ते घरी नेऊन वाटे घालता येत नाहीत. रस्त्यावरून फिरत दिसेल ते टिपायचा परवाना असा काही प्रकारच नाही. पूर्वी, म्हणजे 1972 च्या मूळ कायद्यात, परवाना काढून शिकार करता येत होती. तेव्हासुद्धा चाकांच्या वाहनातून शिकार करायला मनाई होती. 1991 च्या दुरुस्तीने ती परवान्यांची पद्धतच मोडीत निघाली. शिकारीला मुभा असतानाही जी रीत अमान्य होती, तीच आज बार्शी रोडला चालू आहे.

आता धोक्याकडे येतो. माझ्या मते यावर लोक पुरेसं बोलत नाहीत. चर्चा सशापाशीच थांबते, आणि त्या गोळीच्या रेषेत कोण उभं आहे हे कुणी विचारत नाही.

बंदूक चालवताना पहिला नियम असा, की निशाण्याच्या मागे गोळी अडवणारं काहीतरी हवं. मातीचा उंच बांध, डोंगराची उतरण, काहीही. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा या पट्ट्यात ते नसतंच. जमीन सपाट, झाडं विरळ, वर चार बोटं मुरूम आणि खाली काळा खडक. बारीक छऱ्यांचं बारा बोअरचं काडतूस तीस-पस्तीस मीटरवर ससा पाडतं, पण त्यातले छरे 200 मीटरपर्यंत जातात आणि तेवढ्या अंतरावर डोळा घालवू शकतात. डुकरासाठी वापरतात ते जाड छरे 500 मीटरच्या आसपास पोचतात. पॉइंट बावीस रायफलची गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाते. सपाट माळावर आडवी झाडलेली गोळी खडकाला निसटती लागली की जमिनीत न घुसता दिशा बदलून पुढे जाते. कुठे, ते झाडणाऱ्याच्या हातात राहत नाही.

आणि पुढे माणसं असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ज्वारीच्या राखणीला लोक रानातच झोपतात. मेंढपाळांचे वाडे शेतात बसलेले असतात, बिऱ्हाडासकट, लहान पोरांसकट. ऊसतोडीच्या टोळ्या पहाटे तीन-चारला फडात उतरतात. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला माणूस हातात फावडं घेऊन चारीत उभा असतो, आणि बॅटरी वाचवायला तोही ती बंद ठेवतो.

बॅटरीच्या झोतात नेमकं काय दिसतं हे नीट समजून घ्या. शेळी, मेंढी, गाय, कुत्रा, लांडगा, काळवीट यांच्या डोळ्याच्या पडद्यामागे चकाकणारा थर असतो, म्हणून प्रकाश पडला की दोन ठिपके उजळतात. शंभर मीटरवरून त्या ठिपक्यांवरून काळवीट कुठलं आणि शेळी कुठली हे खात्रीने ओळखता येत नाही. माणसाच्या डोळ्यात असा थर नसतो. त्यामुळे घोंगडी पांघरून बांधाला बसलेला राखणदार त्या झोतात उजळत नाही, मागच्या अंधारात मिसळून जातो. रानडुकराच्या डोळ्यातही हा थर नसतो. म्हणून डुकराच्या मागे लागलेला माणूस डोळ्यांवर नाही, तर हालचालीवर, पाचटाच्या खसखशीवर गोळी झाडतो. उसात खसखस करणारं प्रत्येक वेळी डुक्करच असेल असं नाही.

गावठी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू आणि छरे ठासून भरायची) बंदूक असेल तर आणखी एक धोका. ती एकदा भरली की रिकामी करायचा सोपा मार्ग म्हणजे बार काढणं. म्हणून ती भरलेलीच मोटारसायकलवर फिरते. गतिरोधकावर किंवा खड्ड्यात आदळली, घोडा कुठे अडकला, की बार सुटतो आणि तो पुढच्याच्या पाठीत किंवा मागच्याच्या मांडीत जातो. नळी साध्या पाइपाची असते आणि दारू अंदाजाने भरलेली. दारू जास्त झाली किंवा नळीत कचरा अडकला तर नळीच फाटते. छऱ्याची एअरगन निरुपद्रवी समजली जाते, तेही खरं नाही. 0.177 इंचापेक्षा मोठ्या नळीची किंवा 20 ज्यूलपेक्षा जास्त जोराची एअरगन असेल तर शस्त्र परवाना लागतो. आणि परवाना न लागणाऱ्या एअरगननेही ससा-तितर मारणं ही शिकारच.

रस्त्याचा स्वतःचा धोका वेगळा. हे लोक लपायला दिवे बंद करून गाडी डांबरावरच उभी करतात. साठच्या वेगात असलेली गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावून थांबायला माणसाच्या प्रतिसादाच्या वेळेसकट 45-50 मीटर घेते. डिपरच्या उजेडात साधारण तेवढंच दिसतं. त्यात गळिताच्या हंगामात समोरून उसाची दुहेरी ट्रॉली येत असेल तर बाजूला घ्यायला जागाच उरत नाही. झोत थेट तुमच्या काचेवर आला तर डोळे सावरायला काही सेकंद जातात, आणि त्यात गाडी पन्नासएक मीटर आंधळी पुढे जाते. अशा वेळी झोताकडे बघू नका, रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे बघत वेग कमी करा.

नीतीचा प्रश्न तुम्ही थेट विचारला नाहीत, पण तो यातच आहे. झोतात सापडलेला ससा पळत नाही, जागेवर थिजतो. काळवीट टक लावून उभं राहतं. त्याला सुटायची संधीच नसते. याहून वाईट म्हणजे जखमी होऊन निसटलेलं जनावर. पायात किंवा पोटात छरे गेलेलं काळवीट रात्रीत किलोमीटरभर जातं आणि कुठेतरी उसात तडफडून मरतं. गाडी रस्त्यावर उभी असल्यामुळे शिकारी त्याच्या मागावर जात नाही, पुढचं जनावर शोधतो. रस्त्यामुळे मारणं सोपं झालं आणि मारलेल्याची जबाबदारी घेणं उरलंच नाही. मला यातली सगळ्यात घाण गोष्ट ही वाटते. माळावरचे पक्षी जमिनीवर अंडी घालतात, माळढोक तर एका वेळी एकच अंडं घालतो. अशा ठिकाणी रात्रभर झोत आणि बार चालू असणं म्हणजे न मारताही केलेलं नुकसान.

दिसलं तर काय करायचं. अडवायला जाऊ नका, गाडी त्यांच्याजवळ थांबवू नका, पाठलाग तर अजिबात नको. समोर भरलेली बंदूक आहे आणि पकडले जाण्याची भीतीही आहे. हॉर्न वाजवत, सरळ निघून जा. निदान एक-दोन किलोमीटर पुढे, ढाबा किंवा पेट्रोल पंपाच्या उजेडात थांबून फोन करा. वनविभागाची हेल्पलाइन 1926 आहे. बंदूक दिसली असेल किंवा गोळीचा आवाज आला असेल तर 112 लाही करा, कारण तो शस्त्र कायद्याचाही विषय होतो. राष्ट्रीय महामार्गावर दिवे बंद करून उभं असलेलं वाहन असेल तर 1033.

फोनवर काय सांगता त्यावर गाडी निघते की नाही हे ठरतं. "नान्नजच्या पुढे कुठेतरी" म्हणालात तर गस्तीवरच्या वनरक्षकाला काही करता येत नाही. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, जवळचा फाटा, वस्ती किंवा पुलाचं नाव, मोबाइलवरचं लोकेशन, अचूक वेळ, वाहनाचा नंबर (पूर्ण नसेल तर शेवटचे चार आकडे आणि रंग), माणसं किती, बार किती ऐकले, झोत रस्त्याच्या कुठल्या बाजूला होता, गाडी कुठल्या दिशेला गेली. हे थांबल्या थांबल्या कागदावर लिहा, सकाळपर्यंत आकडे विसरायला होतात. फ्लॅश टाकून फोटो काढू नका. डॅशकॅम असेल तर त्या रात्रीची चित्रफीत लगेच बाजूला काढून ठेवा, नाहीतर कार्डावर नवं चित्रण चढून ती पुसली जाते.

वर्णन सांगताना वाहन आणि कृती सांगा, जात सांगू नका. या भागात शिकार म्हटलं की लगेच पारधी समाजाकडे बोट जातं. ब्रिटिशांनी 1871 पासूनच्या कायद्यांनी ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांना 1952 मध्ये त्यातून मुक्त केलं गेलं. सोलापुरात सेटलमेंटचं, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवायच्या वसाहतीचं, नाव अजून आहे, त्यामुळे हा इतिहास इथे कुणाला नवीन नाही. तुम्ही नंबर दिलात तर तपास त्या गाडीवर जातो. तुम्ही समाजाचं नाव घेतलंत तर कुणाच्या तरी पालावर पोलीस पोचतात आणि गाडीवाला सुटतो.

सकाळी त्या जागी जायची इच्छा होईल. गेलात तर लांबून बघा. रिकामं काडतूस, पिसं, रक्ताचे डाग, टायरच्या खुणा, यातलं काही उचलू नका, त्यावर पाय देऊ नका. पंचनामा वनविभागाचे लोकच करतील. तुम्ही उचललेलं काडतूस पुढे पुरावा म्हणून कमजोर होतं. गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं वाहनही कलम 39 खाली सरकारजमा होतं, आणि गाडी जाण्याची भीती दंडापेक्षा जास्त बसते.

कुंपणाच्या भोकात क्लचच्या वायरचा फास दिसला तरी हीच रीत, फक्त फासात जिवंत जनावर असेल तर तसं फोनवर आधी सांगा. स्वतः सोडवायला गेलात तर घाबरलेलं डुक्कर मांडी फाडतं. कणकेचा किंवा फळाचा गोळा बांधावर विचित्र जागी ठेवलेला दिसला तर हात लावू नका, लाथही मारू नका. डुकरांसाठी ठेवलेले गावठी बॉम्ब तसेच असतात, आणि गाईने किंवा कुत्र्याने तो गोळा चावला तर तिचा-त्याचा जबडा उडतो. शेताच्या तारेत थेट वीज सोडलेली असेल तर तो माणसांसाठीही सापळा आहे, ती तक्रार 112 वर करा आणि महावितरणलाही कळवा. शेतकऱ्याला पीक वाचवायचं असेल तर सौर झटका मशीन आहे. त्यात बारा व्होल्टच्या बॅटरीवर साधारण सेकंदाला एक, अगदी क्षणभराचा झटका बसतो. जनावर मागे फिरतं, मरत नाही.

एक शेवटची गोष्ट, कारण ती बऱ्याच जणांना माहीत नसते. गाडीखाली येऊन मेलेला ससा किंवा हरीण उचलून नेणंही गुन्हा आहे. वन्यप्राणी मेलेला असला तरी सरकारचाच असतो, आणि तो ताब्यात आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनविभागाला कळवावं लागतं. तुमच्याच गाडीची धडक बसली असेल तर गाडी कडेला घ्या, चारही दिवे चालू करा, आणि 1926 ला फोन करून किलोमीटरचा आकडा सांगा.